धारोष्ण: वेब फीडची ओळख

(दृश्य: गंगावेश, दूध कट्टा. पेल्यात पडणारी धार, अगदी जवळून.)

कोल्हापूर, गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर उभी आहे, धार समोर काढली जाते आणि फेसाळलेला पेला थेट हातात येतो. मध्ये पिशवी नाही, टेम्पो नाही. वेबसाइटवरचं लिखाणही असंच धारोष्ण घेता येतं. त्याची सोय 1999 पासून आहे, ती फुकट आहे. तिचं नाव वेब फीड.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर सरकत जाणाऱ्या पोस्ट.)

आवडत्या साइटचं पान आपण समाजमाध्यमावर फॉलो करतो. पण तिथली प्रत्येक पोस्ट आपल्याला दिसेलच असं नाही. कुणाला काय दाखवायचं, हे त्या कंपनीचं गणित ठरवतं. फीडला असं गणित नसतं. साइटवर लेख चढला की तो तुमच्या यादीत येतो, तारखेच्या क्रमानं. याचा खरा फायदा होतो तो क्वचित लिहिणाऱ्यांच्या बाबतीत. दोन महिन्यांतून एकदा गडकोटांवर मन लावून लिहिणाऱ्याची साइट रोज उघडून कोण बघणार? फीड बघतं.

(दृश्य: संगणकावर फीडची कच्ची फाइल. एका नोंदीवर कॅमेरा स्थिरावतो.)

ही पाहा फीडची फाइल. साइटच्या सर्व्हरवर ठेवलेला हा नुसता मजकूर आहे. वर साइटचं नाव, खाली एकाखाली एक नोंदी. एका नोंदीत शीर्षक, लेखाचा पत्ता, प्रसिद्धीची तारीख-वेळ, थोडा किंवा पूर्ण मजकूर आणि एक ओळखखूण. या खुणेवरून रीडर, म्हणजे फीड गोळा करून दाखवणारं ॲप, ठरवतो की हा लेख नवा की आधी दाखवलेला. साइटनं जागा बदलताना या खुणा बदलल्या, तर वर्षभरापूर्वीचे लेखही एका सकाळी 'नवे' म्हणून येऊन पडतात. तुमच्या फोनचा त्यात दोष नसतो.

या फाइलच्या दोन पद्धती चालतात: आरएसएस आणि ॲटम. आपल्याकडे आरएसएस म्हटलं की वेगळीच संस्था डोळ्यांसमोर येते, म्हणून शोधताना 'आरएसएस फीड' असं पूर्ण लिहा. रीडर दोन्ही वाचतो, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही.

(दृश्य: फोनवर ॲप उघडतं, अधिकच्या चिन्हावर बोट.)

आता रीडर. अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोन आणि मॅकवर 'नेटन्यूजवायर'. दोन्ही फुकट, खातं काढावं लागत नाही. फोन आणि ऑफिसचा संगणक, दोन्हीकडे वाचायचं असेल तर 'इनोरीडर' किंवा 'फीडली'वर खातं काढा. एकीकडे वाचलेलं दुसरीकडे वाचलेलं दिसेल.

अधिकचं चिन्ह दाबा आणि साइटचा पत्ता चिकटवा. बहुतेक वेळा रीडर फीड स्वतःच शोधतो. नाही सापडलं, तर साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची एक प्रणाली) असल्यास पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा. ब्लॉगस्पॉटवर 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डिफॉल्ट' हे तीन शब्द त्याच क्रमानं, प्रत्येकाआधी तिरपी रेघ. यूट्यूब चॅनललाही फीड असतं. त्यात ताजे 15 व्हिडिओ येतात.

रीडर ठरावीक वेळानं सर्व्हरला विचारतो, फाइल बदलली का? बदल नसेल आणि सर्व्हर नीट बसवलेला असेल, तर तो 304 एवढाच आकडा कळवतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही. म्हणून 50 फीड लावली तरी डेटा फारसा जात नाही.

(दृश्य: रिकामी यादी, खाली चूक झाल्याचा संदेश.)

अडतं कुठे? वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या 10 नोंदी असतात. दिवसाला 40 बातम्या देणाऱ्या साइटवर 10 नोंदी सरासरी सहा तासच टिकतात. रीडर दिवसातून एकदाच तपासत असेल, तर 30 बातम्या हातून गेल्या. अशा साइटसाठी तपासणी दर तासाला ठेवा आणि फोनच्या बॅटरी बचतीतून ॲपला सूट द्या. नाहीतर फोन त्याला पार्श्वभूमीत झोपवून टाकतो.

दुसरी अडचण एका चिन्हाची. शीर्षकात कुणी 'गूळ & काकवी' असं लिहिलं आणि ते & सांकेतिक रूपात बदललं गेलं नाही, की रीडरच्या दृष्टीनं अख्खी फाइल मोडते. फाइलच्या पहिल्या ओळीआधी एखादी कोरी ओळ राहिली, तरी तेच. साइट चालवणाऱ्याला कळवा, दुरुस्ती पाच मिनिटांची असते. आणि युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमधलं मराठी रीडरमध्ये अगम्य अक्षरं होऊन येतं. त्यावर वाचकाच्या हाती उपाय नाही.

(दृश्य: पावसाळा, राजाराम बंधारा पाण्याखाली.)

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी चढत असताना तासाला एकदा तपासणाऱ्या फीडवर विसंबू नका. तेव्हा प्रशासनाची सूचना ऐका, शेजाऱ्याला फोन करा. फीड सावकाश वाचायच्या गोष्टींसाठी आहे.

(दृश्य: रंकाळ्याचा काठ, संध्याकाळ. बाकावर वाचत बसलेली व्यक्ती.)

सुरुवातीला 15 साइट पुरेत. महिनाभर जिचं काही उघडलं नाही, ती काढून टाका. साचलेल्या शेकडो नोंदींवर 'सर्व वाचलं' दाबायला कचरू नका.

1 जुलै 2013 ला गुगलनं आपला रीडर बंद केला. ज्यांनी यादी उतरवून घेतली होती, त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन पुढे सुरू ठेवलं. ती यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये निघते. रीडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' शोधा. काही किलोबाइटची फाइल असते. ती स्वतःलाच मेल करून ठेवा.