लष्करी अळी नेमकी कोणती?

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या मक्याच्या रानात अंधार पडल्यावर दिव्यामागे पांढरे धोतर ताणून बांधले, की थोड्याच वेळात त्यावर मातकट रंगाचे पतंग येऊन बसू लागतात. हे नॉक्टुइडी कुलातील पतंग; लष्करी अळ्या म्हणजे अशाच पतंगांची बाल्यावस्था. कुलाचे नाव ज्यावरून आले तो ‘नॉक्टुआ’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटे घुबड, आपल्या पिंगळ्याच्या जवळपासचे.

शेतकरी ज्यांना सरसकट लष्करी अळी म्हणतात, त्या सगळ्या अळ्या एकाच प्रजातीच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातल्या) नाहीत. ज्वारीवरची जुनी लष्करी अळी मिथिम्ना प्रजातीची, तर मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी स्पोडोप्टेरा प्रजातीची आहे. भिंगाखाली पतंगाचा डोळा पाहिला तर मिथिम्नाच्या डोळ्यावर बारीक केसांची लव दिसते. स्पोडोप्टेराचा डोळा मात्र गुळगुळीत असतो आणि त्याचा मागचा पंख मोत्यासारखा पांढरा, जवळजवळ पारदर्शक असतो.

स्पोडोप्टेरा हे नाव गेने या फ्रेंच अभ्यासकाने 1852 मध्ये दिले. याच प्रजातीतील, सोयाबीन आणि भुईमुगाची पाने खाणारी लिट्युरा ही जाती पूर्वी प्रोडेनिया, तर फ्रुजिपर्डा, म्हणजेच अमेरिकन लष्करी अळी, लाफिग्मा प्रजातीत गणली जात असे. त्यामुळे जुने अहवाल वाचताना एकच कीड दोन निराळ्या नावांनी भेटते आणि गोंधळ उडतो.

फ्रुजिपर्डा भारतात प्रथम 2018 मध्ये कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात ती उसावरही दिसली. मक्याचा पोंगा (मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी) उलगडला, की भुशासारख्या ओल्या विष्ठेत ती सापडते. तिच्या डोक्यावरचा उलटा ‘वाय’ सर्वांच्या तोंडी आहे, पण केवळ त्यावर विसंबणे चुकीचे ठरेल, कारण तशी खूण इतरही अळ्यांच्या डोक्यावर कमीअधिक दिसते. पोटाच्या आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके ही अधिक भरवशाची खूण होय. लिट्युराच्या अळीला पोटाच्या पहिल्याच खंडावर दोन ठळक काळे डाग असतात.

पतंगांत फ्रुजिपर्डाचा नर पुढच्या पंखाच्या टोकाजवळील पांढऱ्या डागावरून ओळखता येतो. मादी मात्र फिकट, खुणा पुसट झालेली, आणि दिव्यावर धडपडून खवले झडलेली असेल तर अनुभवी माणूसही अडतो. अशा वेळी पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीच्या द्रावणात मऊ करून, जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय जातीचे नाव लिहिता येत नाही.