रंकाळ्याच्या कट्ट्यावर क्वांटायझेशन

संध्याकाळचा रंकाळा, कट्ट्यावर ही गर्दी, आणि माझ्या हातात एक कोल्हापुरी चप्पल. आजचा विषय क्वांटायझेशन, म्हणजे जुन्या यंत्रशास्त्राची सूत्रं अणूच्या जगातल्या क्वांटमच्या भाषेत न्यायची, पण घाबरू नका, चप्पलच सगळं दाखवणाराय.

चप्पल कट्ट्यावर ठेवली, टोक तळ्याकडं. हालचाली दोनच. एक, तळ्याकडची बाजू वर आभाळाकडं उचलायची. दोन, पाव वळसा उजवीकडं फिरवायची. आधी उचलली, मग फिरवली, की चप्पल टाचेवर उभी. आता आधी फिरवू, मग तळ्याकडची बाजू उचलू... बघा, कुशीवर आडवी पडली! हालचाली त्याच, फक्त क्रम बदलला.

शाळेत आपण शिकतो पाच त्रिक पंधरा आणि तीन पाचे पण पंधराच, क्रमानं काय फरक पडत नाही. पण १९२५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या अणूच्या गणितात गुणाकाराच्या क्रमानं फरक पडायला लागला आणि तो स्वतःच अस्वस्थ झाला. तिकडं केंब्रिजला डिरॅक नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ रविवारी फिरायला गेलेला, चालता चालता त्याला वाटलं, हा फरक तर जुन्या यंत्रशास्त्रातल्या पॉयसाँ ब्रॅकेटसारखा (दोन राशींवरून तिसरी काढायची एक रीत) दिसतोय, पण नक्की आठवेना आणि लायब्ररी बंद, बिचारा सोमवार सकाळपर्यंत तळमळत बसला. आणि ते खरंच निघालं!

म्हणजे क्वांटायझेशन काय, तर कणाची जागा आणि संवेग (साध्या भाषेत वस्तुमान गुणिले वेग) हे साधे आकडे न मानता चप्पलेच्या हालचालींसारख्या कृती मानायच्या. दोन्ही क्रमांतला फरक किती? मीटर, किलो, सेकंदात मोजला तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं आणि मग १, साधारण एवढासा, आणि त्याला एक काल्पनिक संख्या जोडलेली. ऊर्जेच्या पायऱ्या म्हणतात ना, म्हणजे ऊर्जा ठरावीक टप्प्यांतच असते, भौतिकशास्त्रज्ञ प्लँकनं १९०० मध्ये मांडलेल्या, त्या स्प्रिंगला लावलेल्या कणासाठी या एवढ्याशा फरकातनंच निघतात, आणि सगळ्यात खालची पायरीसुद्धा शून्यावर नसते. मला हे अजूनही लई भारी वाटतं.

अडचण पुढं आहे. जुन्या सूत्रात जागेचा वर्ग गुणिले संवेगाचा वर्ग असेल तर क्वांटममध्ये आधी काय लिहायचं? गणिती वाइलनं सगळ्या क्रमांची सरासरी घेणारा नियम दिला. पण १९४६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ग्रोनेवोल्डनं सिद्धच केलं, की क्रमांतला फरक आणि पॉयसाँ ब्रॅकेट यांचं डिरॅकचं ते नातं प्रत्येक सूत्रासाठी तंतोतंत पाळणारा नियम असूच शकत नाही. उलट क्वांटमकडून जुन्याकडं येताना तो फरक शून्य धरला की सगळे क्रम एकच होतात, म्हणून उतरणं सोपं. जुन्याकडून क्वांटमकडं चढताना कुठला क्रम धरायचा हे शेवटी प्रयोगाला विचारावं लागतं, आणि गुरुत्वाकर्षणासाठी तसा प्रयोग अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.