कोपऱ्यातलं नाव

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. पत्रिकेत छापलंय की नाझींनी मारलेल्या माणसांचं स्मरण संगीतातून कसं होतं यावर मी बोलणार, ते बोलणारच आहे, पण आयुष्यभर चित्रकला शिकवली ना, त्यामुळे सुरुवात चित्रांपासूनच होणार.

मागे एका शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. चित्रं माउंट करायला दिली, परत आली तर सगळ्यांची खालची दोन बोटं पट्टी कापलेली, का तर एकसारखी दिसावीत! नावं त्या पट्टीतच होती. चौथीतली एक मुलगी आईचा हात धरून भिंतभर फिरली, हत्ती तिचाच आहे हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण आई विचारत राहिली, तुझंच कशावरून? मी जाऊन भांडले तर म्हणाले, मॅडम, लोक चित्र बघतात, नाव कोण बघतंय. एवढी वर्षं झाली, ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून.

त्यामुळे फ्रीडल डिकर-ब्रँडाइसबद्दल वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ. ही ज्यू बाई व्हिएन्नाची, बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकलेली. डिसेंबर १९४२ मध्ये तिला टेरेझिनला पाठवलं, म्हणजे प्रागपासून साठेक किलोमीटरवरचं जुनं किल्ल्याचं गाव, नाझींनी त्याचं घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, केलं होतं. माणशी ५० किलो सामान न्यायची परवानगी, आणि हिने त्यात चित्रांचं साहित्य भरलं. तिथे मुलांना शिकवायची. कागद कुठला मिळणार, जुने फॉर्म, रॅपर, जे हाताला लागेल त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलं काढायची, फुलपाखरं, घरं, जेवणाची टेबलं. आणि फ्रीडलचा आग्रह काय, तर चित्रावर स्वतःचं नाव घालायचं. जिथे माणसाला ट्रान्सपोर्टचा, म्हणजे कैद्यांना नेणाऱ्या गाडीचा, नंबर देऊन टाकला होता तिथे ही मुलांकडून नाव लिहून घेत होती!

ऑक्टोबर १९४४ मध्ये ती ऑशविट्झला, नाझींच्या मृत्युछावणीत गेली, नवरा आधीच्या ट्रान्सपोर्टने गेला होता म्हणून स्वतःहून गेली, आणि तिथे तिला मारलं. नवरा वाचला. मागे दोन सुटकेसी राहिल्या, त्यात साडेचार हजारांच्या आसपास चित्रं. आज ती प्रागच्या ज्यू म्युझियमकडे आहेत. काढणारी बहुतेक मुलं जगली नाहीत, पण कोपऱ्यात नाव आहे म्हणून कुठलं चित्र कुणाचं ते सांगता येतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की मारलेले ज्यू साठ लाख हा आकडा पाठ करून स्मरण होत नाही हो, एकेक नाव घ्यावं लागतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, आता संगीत, भराभर सांगते.

राफाएल शेक्टर, टेरेझिनमधलाच एक कैदी, संगीतकार. तिथे याने वेर्दी या इटालियन संगीतकाराचा रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, बसवला, दीडशेच्या आसपास गाणारे आणि स्वरलिपीची प्रत एकच, त्यामुळे सगळं ऐकून ऐकून तोंडपाठ, आपल्याकडे गुरूसमोर बसून घेतात तसं. ट्रान्सपोर्ट गेला की कोरस अर्धा रिकामा, की परत नव्यांना पहिल्यापासून. असे सोळा प्रयोग.

आणि संगीतकार हान्स क्रासाचा 'ब्रुंडिबार', मुलांचा ऑपेरा. आजारी आईसाठी दूध हवंय म्हणून दोन भावंडं चौकात गाऊन पैसे मिळवायला जातात, तो वाजंत्री ब्रुंडिबार त्यांना हुसकावतो, मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली पोरं मिळून त्याला हरवतात. २३ सप्टेंबर १९४३ ला टेरेझिनमधला पहिला प्रयोग, एकूण ५५ झाले, आणि तिथेही तेच, आज गाणारं पोर पुढच्या प्रयोगाला असेलच असं नाही. मांजर झालेली एला वाचली, तिने पुढे सांगितलं की स्टेजवर असेपर्यंत कपड्यावरचा पिवळा तारा, ज्यूंना लावावी लागायची ती खूण, काढायची मुभा होती. क्रासा मात्र ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला मारला गेला.

आता हा ऑपेरा जगभर शाळा करतात, तुमच्यापैकी कुणी बसवला तर एक करा, पत्रकावर क्रासाच्या नावाखाली टेरेझिनच्या त्या मुलांपैकी जेवढी नावं मिळतील तेवढी छापा, छोट्या अक्षरात चालतील, पण छापा.

हो हो, थांबतेच. मघाशी एका चित्राची प्रिंट फिरवायला दिलीय ती मागच्या रांगेत पोचली असेल. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय बघा, जरा पुसट आहे, उजेडात धरा. ज्यांच्या हातात आहे त्यांनी वाचा, मोठ्याने.