उघडा हात

(दृश्य: पहाट. गोठा. बॅटरीचा उजेड.)

प्रवरेकाठचा हा गोठा रात्रभर जागा आहे. सातव्या महिन्यातच गाय गाभडली, आणि जार अडकलाय. डॉक्टर वाटेत आहेत. तोवर घरच्या ताईंनी पदर खोचलाय, बाह्या वर केल्यात.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

हा हात नीट बघा. अंगठ्याच्या मुळाशी विळ्याची ताजी चीर, काल घास कापताना लागलेली. हातमोजा नाही.

गोठ्यातलं हे गाभडणं पशुवैद्यकाच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात असू शकतं. त्याचा जंतू ब्रुसेला. गाभण गाईच्या गर्भाशयात तो बेसुमार वाढतो. जार, मेलेलं वासरू, सोबतचं पाणी, सगळं त्यानं भरलेलं. माणसात शिरायला त्याला एवढी चीर पुरते. डोळ्यात उडालेला थेंब पुरतो. कच्च्या दुधातूनही तो येतो. दूध उकळलं की मरतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. माल्टा बेट, शेळ्या.)

1887 साली माल्टात डेव्हिड ब्रूस यांना तापानं दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडला. तो येतो कुठून, हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्या तपासल्या. दिसायला ठणठणीत, पण आतून बाधित. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. मधल्या काळात, 1897 मध्ये, डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाईंच्या गर्भपातामागचा जंतू शोधला होता. दोन्ही जंतू एकाच कुळातले, हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं.

(दृश्य: कालवडींची रांग. कानात बिल्ले. लसीची कुपी.)

2019 पासून देशभर या आजारावर जनावरांचं लसीकरण सुरू आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्या, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला ही लस देत नाहीत, कारण ती जिवंत जंतूंची आहे. कालवडीनं हिसडा दिला, सुई टोचणाऱ्याच्याच बोटात गेली, तर आजार त्याला. लसीच्या पेटीत बर्फ जितका न चुकता असतो, तितक्याच न चुकता हातमोजे आणि चष्मा असायला हवेत.

माणसाला ताप येतो-जातो, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरतात. दोन-दोन प्रतिजैविकं निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. टायफॉइड समजून महिने जातात. तापाच्या रुग्णाला ‘घरी जनावरं आहेत का?’ हे पहिल्याच दिवशी विचारलं पाहिजे.

(दृश्य: डॉक्टर. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा.)

डॉक्टर आले. आधी हातमोजा, मग गाय. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाईल.

(दृश्य: गोठ्यामागचा खड्डा.)

कंबरभर खोल खड्डा. वासरू, जार, वर चुना, मग माती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड.

ताई हात धुतात. पुन्हा साबण लावून धुतात. दावणीची दुसरी गाय हंबरतेय. धारेची वेळ झाली.