रंग, आकार आणि ओळख : गायतोंडे यांच्या निमित्ताने

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर छापलेल्या विषयाकडे, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातील अमूर्त चित्रांत रंग आणि आकार चित्रकाराची ओळख कशी सांगतात या प्रश्नाकडे, मी येणारच आहे. पण त्याआधी एक जुनी तक्रार मांडल्यावाचून मला राहवत नाही. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभे राहिले की शेजारचा कोणी जाणकार हळूच म्हणतो, ‘हे आपले रॉथ्को.’ मार्क रॉथ्को या अमेरिकन अमूर्त चित्रकाराला ‘अमेरिकेचे गायतोंडे’ म्हणणारा रसिक मला अद्याप भेटलेला नाही. (हशा)

एका प्रदर्शनात तर चित्रापेक्षा पाटीवरच उजेड अधिक होता. गायतोंडे यांचा नागपूरचा जन्म, जे. जे. मधील शिक्षण, झेन विचारांची ओढ आणि 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर केलेली न्यूयॉर्कवारी हे सारे त्या पाटीवर होते; चित्रात रंग कसा लागला आहे, याविषयी मात्र अवाक्षर नव्हते. मंडळी पाटी वाचत, चित्राकडे पाहून मान डोलवत आणि पुढच्या पाटीकडे वळत. वास्तविक गायतोंडे मानवाकृती सोडून या वाटेला लागले ते 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे न्यूयॉर्कला जाण्याच्या कितीतरी आधी.

त्यांचे उत्तरकाळातील चित्र जवळून पाहावे. रोलरने पसरलेला पातळ तैलरंग, त्यावर सुरीने खरवडल्याच्या खुणा, आणि फाडलेल्या कागदाचे तुकडे टेकवून उचलल्यामुळे उमटलेले, लिपीसारखे भासणारे पण कोणत्याही लिपीत न बसणारे आकार तेथे दिसतात. रॉथ्को पातळ रंगाचे थर एकावर एक चढवतात आणि उजेड त्या थरांतून झिरपत वर येतो. गायतोंडे लावलेला रंग काढूनही घेतात आणि उजेड त्या काढण्यातून उमटतो. चढवणारा हात आणि उचलणारा हात यांत जो फरक आहे, त्याला मी ओळख म्हणतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय आता धावतच सांगतो. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांच्या 1950-51 मधील सुमारे साडेपाच मीटर रुंदीच्या लाल चित्रात आकार म्हणावा असा फक्त उभ्या बारीक रेघांचा आहे, आणि ते चित्र जवळून पाहावे असा त्यांचा आग्रह होता. त्या अंतरावरून लाल रंगाला कडा उरत नाही आणि पाहणाऱ्याला आपलीच उंची जाणवू लागते.

अमेरिकन चित्रकार नॉर्मन लुइस यांचे उदाहरण माझ्या सिद्धांताला अडचणीत आणते, म्हणूनच ते टाळणे बरे नव्हे. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ 35’ मध्ये झालेल्या अमूर्त कलावंतांच्या चर्चेत सहभागी झालेले ते एकमेव कृष्णवर्णीय चित्रकार. त्यांच्या 1960 च्या ‘अमेरिकन टोटेम’ मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा आकार उभा आहे; त्यात कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या वर्णद्वेषी संघटनेचा टोपडेधारी एकदा दिसला की तो पुन्हा अदृश्य होत नाही. येथे केवळ हाताची सवय पुरत नाही, कारण काळा-पांढरा हा भेद चित्राबाहेर समाजाने आधीच रंगवून ठेवलेला आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्याविषयी बोलायचे राहिले; ते प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारावे.