अस्सल कोणतं? चिनी पोर्सिलेन आणि संग्राहकांचे वाद

मंडळी, ऑक्टोबर 2022 मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे एका लिलावात निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीची, एक सुरई आली. गोल पोट, उंच गळा, अंगावर ड्रॅगन आणि ढग. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवली आणि अंदाज दिला 1500 ते 2000 युरोंचा. बोली थांबली 77 लाख युरोंवर. ती सुरई अठराव्या शतकातली आहे अशी बोली लावणाऱ्या कित्येकांची खात्री होती. तज्ज्ञ आपल्या मतावरून हलला नाही, आणि लिलावगृहाने त्याच्याबरोबरचं काम थांबवलं.

या प्रसंगाची चर्चा झाली ती ‘एवढे लोक चुकतील का?’ याच अंगाने. मला ही चर्चा मुळातच चुकीच्या रुळावर गेलेली वाटते. 77 लाखांच्या बोलीवरून इतकंच सिद्ध होतं, की तेवढी किंवा तिच्या जवळपासची किंमत मोजायला निदान दोन जण तयार होते. सुरई कोणत्या भट्टीतून, कोणत्या वर्षी निघाली याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. आणि एकटा तज्ज्ञ ठाम राहिला, म्हणून तो बरोबर ठरतो असंही नाही. मतांची मोजदाद होते आणि भांडं बाजूलाच राहतं.

संग्राहकांच्या बैठकीत वाद पेटला की माझा पहिला प्रश्न असतो: तुम्ही नेमकं काय म्हणताय? एक उदाहरण घेऊ. तळावर चीनच्या मिंग घराण्यातल्या छेंगहुआ सम्राटाचा शिक्का, म्हणजे त्याच्या राजवटीचं नाव, असलेली एक वाटी समोर आहे. छेंगहुआची राजवट 1465 ते 1487. या काळातल्या पोर्सिलेनला केवढं मोल आहे ते 2014 साली हाँगकाँगच्या लिलावात दिसलं. कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेला एक चिमुकला पेला तिथे 28 कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. तर आपल्या वाटीबद्दल एक जण म्हणतो, ‘खोटी आहे.’ दुसरा म्हणतो, ‘अहो, जुनी आहे, हात लावून बघा.’ आवाज चढतात. पण दोघंही आपापल्या परीने बरोबर असू शकतात. मिंगनंतरच्या छिंग काळात, कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीत (1662 ते 1722), जिंगदेझेन या पोर्सिलेनच्या मोठ्या केंद्रातले कारागीर जुन्या मिंग सम्राटांचे शिक्के सर्रास लिहीत. 1677 मध्ये तिथल्या दंडाधिकाऱ्याने चालू सम्राटाचं नाव भांड्यांवर लिहायला मनाई केली होती. म्हणून काही तळांवर जुना शिक्का आढळतो, तर काहींवर नुसतं निळं दुहेरी वर्तुळ, आत कोरं. अशी वाटी तीनशे वर्षांहून जुनी असेल, जिंगदेझेनची असेल, सुंदरही असेल. फक्त छेंगहुआची नसेल. तिला ‘खोटी’ म्हणणं अन्यायाचं आणि ‘छेंगहुआची’ म्हणून विकणं फसवणुकीचं.

म्हणून ‘अस्सल’ हा एकच दावा धरून बसू नये. भांडं कुठे घडलं, कधी घडलं, दरबारी भट्टीत की खासगी, रंगकाम त्याच काळचं की नंतरचं, हे प्रश्न सुटे करून विचारावेत. शेवटचा प्रश्न तर हमखास विसरला जातो. जुन्या पांढऱ्या भांड्यावर पुढच्या काळात रंग चढवून ते पुन्हा भाजलेलं असतं. कधी जुन्या फुटक्या भांड्याचा शिक्क्यासकटचा तळ कापून नव्या अंगाला जोडलेला असतो. तळ पाहणारा ‘जुनं’ म्हणतो, खांदा पाहणारा ‘नवं’ म्हणतो, आणि दोघं एकमेकांना अडाणी ठरवून घरी जातात.

पुरावा तोलताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एक विसंगती दावा पाडू शकते, पण दहा जुळणाऱ्या खुणा तो सिद्ध करत नाहीत. सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून मिळणारा गुलाबी रंग चिनी पोर्सिलेनवर साधारण 1720 च्या सुमारास आला. तो गुलाबी रंग आणि छेंगहुआचा शिक्का एकाच भांड्यावर दिसला, की ते रंगकाम छेंगहुआ काळचं असणं शक्यच नाही. क्रोमियमचा शोध लागला 1797 च्या सुमारास. हिरव्या रंगात क्रोमियम सापडलं तर ते रंगकाम अठराव्या शतकातलं म्हणता येणार नाही. इथे अनुभव, घराणं, संग्रह किती मोठा, कशाचाही उपयोग नाही. उलट, आकार जुळला, वजन जुळलं, निळ्याची छटा जुळली, तरी चांगला नकलाकार नेमक्या याच गोष्टी जुळवत असतो.

मग प्रयोगशाळेत पाठवा, असं कोणीतरी म्हणतंच. जरूर पाठवा, पण आधी कुठला प्रश्न विचारायचा ते ठरवा. क्ष-किरणांच्या चाचणीतून निळ्या रंगातल्या कोबाल्टसोबत मँगनीज किती, लोह किती ते कळतं. मिंगच्या आधीच्या युआन काळात बाहेरून आलेल्या कोबाल्टमध्ये मँगनीज कमी असे, चीनमधल्या खनिजात ते जास्त असतं. पण हा निकष युआन की बऱ्याच नंतरचं, अशा वादात कामाचा. थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे नमुना तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजण्याच्या चाचणीने, भांडं शेवटचं कधी भाजलं त्याचा अंदाज मिळतो. त्यासाठी पोर्सिलेनला बारीक भोक पाडून नमुना काढावा लागतो, उत्तर बऱ्याच फरकाने येतं, आणि कृत्रिम किरणोत्सर्ग देऊन ते फिरवताही येतं. नमुना जोडलेल्या जुन्या तळातून घेतला असेल, तर प्रमाणपत्र खरं आणि भांडं खोटं, असा प्रकार होतो. कोणी प्रमाणपत्र पुढे केलं की ‘नमुना कुठून काढला?’ हे विचारायलाच हवं.

त्यापेक्षा कित्येक वाद साध्या भिंगाखाली सुटतात, फक्त दोघांनी एकाच जागी पाहायला हवं. वाटी उलटी करा. पायाची कड आणि आतला तळ, म्हणजे जिथे शतकानुशतकं काहीतरी घासत आलं, त्या जागा बघा. खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या खोलीचे, वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. जुन्या ओरखड्यांच्या कडा मऊ झालेल्या, नवे त्यांना छेदून गेलेले. सँडपेपरने घासून आणलेली झीज एका दिशेची, एका खोलीची असते. आणि ती नको तिथेही दिसते: पायाच्या कडेच्या आत, शिक्क्याच्या त्या खोलगट भागात, जो टेबलाला कधी टेकतच नाही. तिथे ओरखड्यांचा पट्टा दिसला की मी दोन्ही बाजूंना भिंग देतो आणि विचारतो, ही झीज इथे कशी आली? या प्रश्नावर बोलताना माणसं एकमेकांबद्दल बोलायची थांबतात.

आता बहुमताबद्दल. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पर्सिव्हल डेव्हिड या संग्राहकाच्या संग्रहातल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची जोडी आहे. त्यांच्या गळ्यावर मंदिराला दान दिल्याचा लेख आहे, आणि त्यात 1351 ची तारीख. उत्तम निळं-पांढरं काम मिंग काळापासूनचं, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. युआन काळातलं इतकं सफाईदार काम गृहीतच धरलेलं नव्हतं. ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक हॉब्सन यांनी 1929 साली त्या लेखाकडे लक्ष वेधलं, तरी चित्र लगेच पालटलं नाही. 1950 च्या दशकात अमेरिकन अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी या जोडीशी ताडून पाहिली, आणि चौदाव्या शतकातल्या कामाचा एक अख्खा गट ओळखता आला. ही भांडी शतकानुशतकं बाजारापासून दूर, जागच्या जागी होती. वाद मिटला तो ताडून पाहण्याजोग्या वस्तू मिळाल्या म्हणून. पुढे 1980 च्या दशकात जिंगदेझेनला दरबारी भट्टीच्या जागी उत्खननात छेंगहुआ काळातल्या नापास भांड्यांचे ढिगारे मिळाले. तिथली खापरं आज कितीतरी दाव्यांची खरी कसोटी आहेत. मालकाच्या आजोबांची गोष्ट ही कसोटी नव्हे. छायाचित्रासकट छापलेला लिलावाचा जुना कॅटलॉग असेल तर तो मात्र मी उलटून पालटून पाहीन.

माणसांचं काय करायचं, हा सगळ्यात नाजूक भाग. ज्याने पैसे घातलेत त्याच्यासमोर, चारचौघांत, ‘बनावट’ म्हटलं की तो ऐकून घ्यायचं बंद करतो. त्याचा राग मला समजतो. त्या भांड्यावर त्याने जीव लावलेला असतो. मी सुचवतो ते इतकंच: भांडं टेबलावर ठेवा, मालक कोण ते सांगू नका, आणि प्रत्येकाने बोलण्याआधी आपलं मत कारणासकट कागदावर लिहावं. नवख्यांनी आधी वाचून दाखवावं, कारण ज्येष्ठ बोलले की बाकीच्यांची मतं वाकतात. प्रत्येकाने आणखी एक ओळ लिहावी: काय दिसलं तर मी मत बदलेन. ज्याला ही ओळ लिहिता येत नाही, त्याच्याशी त्या संध्याकाळी वाद घालू नये. आणि नुसत्या छायाचित्रावर कोणाचंही भांडं मोडीत काढू नये. वजन, झिलईचा स्पर्श, आतले बुडबुडे छायाचित्रात नीट उतरत नाहीत.

एवढं करूनही काही भांडी अधांतरी राहतात. त्यांच्या नोंदीत ‘छेंगहुआ शिक्का, काळ बहुधा कांगशी, दरबारी भट्टीबद्दल मतभेद’ असं स्पष्ट लिहा. खाली दोन्ही मतं, देणाऱ्याचं नाव, तारीख आणि तळाचं जवळून काढलेलं छायाचित्र जोडा. भांडं विकलं गेलं तर ही नोंद घेणाऱ्याच्या हाती द्या, विरोधी मतासकट.