काचेपुढचं झाकण

(दृश्य: पांढऱ्या कापडावर ठेवलेला फोटो. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा फोटो सांगलीतल्या गावभागातला. एका वाड्यात, माळ्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत तो वर्षानुवर्षं पडून होता. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी वाड्यात शिरलं आणि ट्रंक पाण्याखाली गेली.

आता उजवीकडचा कोपरा बघा. तिथे फक्त एक पिवळट डाग उरलाय. गाडीचं तोंड नेमकं तिथेच होतं. रेडिएटर, त्याच्यावरचं नाव, पुढचे दिवे, सगळं गेलं. जुनी गाडी ओळखायची म्हटलं की आपण आधी जिथे बघतो, नेमकं तेवढंच पुरानं नेलं.

उरलं ते हे. तारांची दोन चाकं. पायरीचा फूटबोर्ड. मागे दुमडून ठेवलेलं कापडी हूड. उजव्या बाजूचं स्टीअरिंग, म्हणजे नेगेटिव्हची काच उलटी धरून फोटो छापलेला नाही. गाडीशेजारी कोट-धोतरातला एक गृहस्थ, त्यांच्या धोतराला धरून उभा असलेला मुलगा आणि नऊवारीतली एक बाई, तिच्या कडेवर तान्हं मूल. मागे धूसर कमानी.

घरात या गाडीला सगळे ‘ब्यूक’ म्हणत आलेत. आणि कडेवरचं मूल म्हणजे थोरले काका, हेही ठरलेलं. काकांचा जन्म १९२७चा.

(दृश्य: गच्ची. बादली, मच्छरदाणीचं कापड, ओले फोटो.)

गाडीकडे वळण्याआधी हे बघायलाच हवं. फोटो वाचला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पूर ओसरला तेव्हा गल्लीगल्लीत चिखलात भरलेल्या सामानाचे ढीग लागले होते. गाद्या, वह्या, देवघरातल्या तसबिरी, आणि त्याच ढिगांत अल्बमही. ‘भिजलं, आता काय उपयोग’ म्हणून लोकांनी जड मनानं टाकून दिलेले. या घरच्या सूनबाईंनी मात्र फोटोंचा एकमेकांना चिकटलेला गठ्ठा तसाच उचलला आणि स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत सोडला. तेव्हा काय केलं, ते त्या इथे दुसऱ्या खराब फोटोंवर करून दाखवतायत.

त्यांचे हात बघा. कुठेही ओढाताण नाही. जुन्या कृष्णधवल फोटोत कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाण्यानं तो थर फुगतो, मऊ पडतो. अशा वेळी बोट फिरवलं, तर चेहरा बोटाला लागून येतो. गठ्ठा तसाच वाळू दिला, तर थराला थर चिकटतो आणि मग सुटत नाही. म्हणून पाण्यातच ठेवायचं, पाणी बदलत राहायचं आणि फोटो आपणहून सुटायची वाट बघायची. मग चित्राची बाजू वर करून सावलीत, जाळीवर पसरायचं. उन्हात अजिबात नाही, कागद गुंडाळला जातो.

गठ्ठ्यात सात फोटो होते. पाच वाचले. दोन कोरे झाले. आपला फोटो गठ्ठ्याच्या मधोमध होता, म्हणून त्याचा एकच कोपरा गेला.

हे सगळं घरातल्याच वस्तूंनी होतं. बादली, जुनी मच्छरदाणी आणि थोडा धीर. सांगलीत, मिरजेत, कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात हे घराघरात माहीत असायला हवं. पूर २००५ला आला, २०१९ला आला, २०२१ला पुन्हा आला.

(दृश्य: फोटो उलटा केला जातो. पेन्सिलीची फिकट ओळ.)

आणि ही पाठ. घाईत सगळे फक्त पुढची बाजू मोबाइलवर टिपून घेतात, पाठ तशीच राहते.

अक्षर मोडी आहे. मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी भिंग धरून वाचलं: ‘कृष्णातीरी. शके १८५…’ शेवटचा आकडा पुसलाय. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं. तेव्हा फोटो १९२८ ते १९३८ या दहा वर्षांतला. थोरल्या काकांबद्दल पहिली शंका आली ती इथे. १९२८मध्ये ते कडेवर बसण्याएवढे असू शकतात, १९३२मध्ये नाही.

(दृश्य: आयर्विन पूल, पहाटे. मग फोटोतल्या कमानी.)

मागच्या कमानी तुम्ही ओळखल्याच असतील. सांगलीकराला कृष्णेवरचा आयर्विन पूल दाखवून द्यावा लागत नाही. पूल झाला १९२९मध्ये. फोटोत कमानी पुऱ्या आहेत, कुठेही बांधकामाचे वासे दिसत नाहीत. म्हणजे १९२८ गेलं.

(दृश्य: गॅरेज. ताडपत्री ओढली जाते. खाली हिरवी गाडी.)

जुन्या गाड्यांचे हे मिस्त्री. सांगलीत सगळे त्यांना मामा म्हणतात. फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “ब्यूक नव्हं ही.”

आमचा पहिला अंदाज फोर्डच्या मॉडेल टीचा होता. साहजिक आहे, १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटीच्या वर निघाली. पण मामांनी पुढ्यातल्या चाकांवर बोट ठेवलं. टीला बहुतेक लाकडी आऱ्यांची चाकं असायची, इथे तारांची आहेत. मग शेव्हरोलेट? ती शंका रास्त होती. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, आपल्या भागात शेव्हरोलेट येणं अवघड नव्हतं.

आता मामांचं बोट कुठे थांबतंय बघा. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेट संपतं तिथे. एक छोटासा गोल उंचवटा. आम्ही तो फोटोवरचा ठिपका समजलो होतो.

ते पेट्रोलचं झाकण आहे.

(दृश्य: हिरव्या गाडीचं तेच झाकण. मामा ते फिरवून उघडतात.)

शेव्हरोलेटची टाकी मागे, मॉडेल टीची बहुधा सीटखाली. फोर्डच्या मॉडेल एची टाकी मात्र काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या मागे बसवलेली. तिला पेट्रोलचा पंप नाही. टाकी उंचावर, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनानंच उतरतं. आत बसलं की समोर काचेची एक फट दिसते. टाकीतलं बूच पेट्रोलवर तरंगतं आणि त्याच्यासोबत आकडा वर-खाली होतो. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती. उजव्या स्टीअरिंगच्या अशा गाड्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडून यायच्या.

मॉडेल ए १९२७च्या डिसेंबरात बाजारात आली आणि १९३१पर्यंत चालली. यातलं साल कोणतं? ते सांगायला रेडिएटर नाही. मामा म्हणाले, “चाक मोजा की.”

(दृश्य: बारीक मापाची व्हर्नियर पट्टी फोटोवर. आकडे पडद्यावर.)

१९२८-२९च्या गाडीचं रिम, म्हणजे टायर बसतो ती धातूची कड, २१ इंची. १९३०पासून ते १९ इंची झालं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हींत तेच, साडेएकशे तीन इंच. या अंतराला रिमच्या मापानं भागलं, तर मोठ्या रिमला भागाकार पाचच्या किंचित खाली येतो, लहान रिमला साडेपाचच्या जवळ.

फोटोत चाकांमधलं अंतर ५२ मिलिमीटर, रिमची उंची सरासरी १० मिलिमीटर. भागाकार ५.२. मधलाच आकडा आला, कारण गाडी जराशी तिरकी उभी आहे. पण तिरपेपणानं लांबी कमी दिसते, जास्त नाही. मोठ्या रिमला पाचच्या वर जाताच येत नाही. रिम १९ इंची. गाडी १९३० किंवा १९३१ची.

(दृश्य: वाडा. खिडकीशेजारी आजी.)

म्हणजे धोतराला धरून उभे आहेत ते थोरले काका. आणि कडेवरचं तान्हं मूल म्हणजे ही आजी, काकांची धाकटी बहीण. तिचा जन्म १९३२चा.

(दृश्य: आजी फोटो डोळ्यांजवळ नेतात. निवेदन नाही.)

(दृश्य: टेबल. सूनबाई, कागदी पाकीट, पेन्सिल.)

फोटोच्या पाठीवर आता काही लिहायचं नाही, मोडीची ओळ तिथे एकटीच राहू द्यायची. नवी नोंद पाकिटावर, मऊ पेन्सिलीनं. फोर्ड, मॉडेल ए. आयर्विन पुलाजवळ. आई, बाबा, दादा. चौथं नाव लिहायला सूनबाईंनी पेन्सिल आजींच्या हातात दिलीय.